हार्लोवचं हिरवं पाणी

रिम्मानं ती बातमी सांगितली तेव्हा लुक्यान ट्रकखाली उताणा पडून ग्रीस भरत होता.

ती वाकली, मग गुडघ्यावर बसली, मग इकडेतिकडे बघितलं. घरात पावलोव्हना, रिम्माची खनिजांच्या संस्थेतली म्हातारी वरिष्ठ, लुक्यानच्या आईबरोबर चहा पीत बसली होती, खिडकी उघडी होती. रिम्मानं आवाज एवढा खाली आणला की लुक्यानला पाना चालवणं थांबवावं लागलं.

फेब्रुवारीत संशोधनाचा एक पेपर आलाय, म्हणाली. मध्य अमेरिकेतला ज्वालामुखी. तिथल्या लोकांना मधाच्या रंगाचे, केसासारखे उभे स्फटिक सापडलेत. हवा लागली की आधी क्षणभर जांभळे, मग हिरवे, मग पाणी. नाव पण देऊन झालंय, त्यांच्या कुणा गुरूच्या नावावर. कारान्साइट.

लुक्याननं पाना खाली ठेवला. त्याच्या कपाळावर ग्रीसचा एक ठिपका पडला तो त्यानं मनगटानं पुसला आणि सगळ्या कपाळभर केला.

"तिला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"कसं असेल? वाचता येतं का तिला आता? मीच वाचून दाखवते सगळं. हे नाही दाखवलं."

आणि मग रिम्मा म्हणाली की नाहीच सांगायचं. तिची ही शेवटची खेप. डॉक्टरांनी पुढच्या वर्षी परवानगी द्यायची नाही असं ठरवलंयच. शेचाळीस वर्षांत सापडलं नाही ते या आठ दिवसांत काय सापडणार. जाऊ दे, तिला बघू दे एकदा आपला डोंगर, सूप पिऊ दे, शिव्या देऊ दे आपल्याला, आणि खाली घेऊन येऊ. लुक्याननं मान हलवली. चांगुलपणाच होता तो. दोघांनाही तसंच वाटलं.

*

अवगुस्ता पावलोव्हना हार्लोवा. वय चौऱ्याहत्तर. कोझिरेव्स्कमधलं कुत्रंसुद्धा तिला ओळखायचं. दर जुलैमध्ये पेट्रोपावलोव्स्कहून बसनं दिवसभर हाडं खिळखिळी करत यायची, लुक्यानच्या घरी चार दिवस टेकायची, त्याच्या आईशी लोणच्याच्या काकड्यांवरून भांडायची, आणि मग तोल्बाचिक ज्वालामुखीवर जायची. लुक्यान तिला गेली अठरा वर्षं वर नेत होता. गावातल्या रीतीप्रमाणे तो तिला नुसतं पावलोव्हना म्हणायचा, बापाच्या नावानं. ती त्याला लुक्या.

लुक्यान काही शिकलेला नव्हता. शाळा संपवली, सैन्यात ट्रक चालवला, परत आला. पण अठरा उन्हाळे त्या बाईबरोबर काढल्यावर त्याच्या डोळ्यात खनिजं बसली होती, जशी आईच्या हातात मिठाची चिमूट बसते तशी. ज्वालामुखीच्या शंकूवर कुठल्या फटीतून वायू येतोय, किती गरम, आत काय पिकलं असेल, हे तो वासावरून सांगायचा. संस्थेतल्या पोरांना ते आवडायचं नाही. त्याच्या शब्दाला कागदावर किंमत नव्हती. पावलोव्हनाच्या लेखी मात्र होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचा मधला भाग गेला, कडेकडेचंच दिसायला लागलं. कुणाशी बोलायचं तर तोंड भलतीकडे वळवून बोलायची. तेव्हापासून ती सरळ म्हणायची, माझे डोळे लुक्याकडे आहेत, मागायचं असेल तर त्याच्याकडे मागा.

आणि हार्लोव म्हणजे तिचा नवरा, व्हेन्यामिन. लुक्याननं त्याला पाहिलं नव्हतं. तो नव्याऐंशी साली गेला, फुप्फुसं जळून. पण त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ होती, कारण ती विनोद म्हणून सांगायचे.

शहात्तरच्या डिसेंबरात तोल्बाचिकचा मोठा उद्रेक थांबला. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात व्हेन्यामिन दुसऱ्या शंकूवर चढला आणि त्याला एका कपारीत मधाच्या रंगाचा केसाळ झुपका मिळाला. असं काही कुणी पाहिलंच नव्हतं. उरलेले केस हवेत जांभळे, मग हिरवे होताना बघून त्यानं ते डायरीत टिपलं. त्यानं नियमानं सगळं केलं. गरम बरणी, लगेच झाकण, वर मेण. बरणी लॅबमध्ये आली, उघडली, तर आत दगड आणि एक थेंब हिरवं पाणी.

सील शाबूत होतं असं तो छातीठोक म्हणाला. मी स्वतः लावलं, मी स्वतः काढलं. म्हणजे हे खनिज बंद बरणीतसुद्धा आपोआप विरघळतं. त्यानं तसं छापूनही आणलं. आणि तिथेच फसला. रसायनवाले पोट धरून हसले. अरे, हवेतली ओल नाही तर पाणी येणार कुठून, आकाशातून? मग कुणाचं सर्दीनं नाक वाहायला लागलं की म्हणायचे, हार्लोवाइट आलंय. जेवताना चहा सांडला, हार्लोवाइट. माणूस बारा वर्षं परत परत वर जात राहिला, तेल भरलेल्या बरण्या घेऊन, कसले कसले वायू भरून, मास्क काढून कपारीत डोकं घालून. सापडलं नाही. फुप्फुसं तेवढी गेली.

पुढे त्याची बायको जायला लागली. लोक म्हणायचे, काय प्रेम. लुक्यानही तेच म्हणायचा.

*

सहाव्या दिवसापर्यंत काही झालं नाही.

म्हणजे नेहमीचं सगळं झालं. कोरड्या नदीच्या पात्रातून ट्रक चालवताना पावलोव्हना त्याला डावीकडे घे, उजवीकडे घे सांगत राहिली, दिसत काही नसताना. अस्वलाचे ठसे लागले. डास एवढे की रिम्मा सुपात आधी डास मोजायची. संध्याकाळी ग्रेचका, म्हणजे कुट्टूची खिचडी, आणि डब्यातलं मटण. जेवणाआधी तीन वेळा साबणानं हात, कारण या डोंगरावरचं निम्मं सौंदर्य आर्सेनिकचं असतं. रिम्मा एकदाच धुवून बसली तर पावलोव्हना म्हणाली, "खा, खा. तुझ्या जागेवर यायला संस्थेत चार जण रांगेत आहेत."

सातव्या दिवशी सकाळी धुकं होतं, मग उघडलं. लुक्यान शंकूच्या पश्चिम अंगाला काम करत होता. तिथं लाव्ह्याचं एक कवच थोडं फुगलेलं होतं. जोड्याच्या तळव्याला ऊब लागली. त्यानं पहार घातली, कवच पापडासारखं मोडलं, खालून कोरडी धग आली. वायूला वास जवळजवळ नव्हता, घशाला नुसती धार लागली. त्यानं तापमापकाची सळई आत घातली. तीनशे ऐंशी.

मास्क नीट बसवला, पोटावर झोपला आणि बॅटरी आत मारली.

कपार हातभर खोल होती. छताला काळे तुकतुकीत पत्रे, ते नेहमीचे. कडेला तपकिरी शेवाळासारखा गुंता, ते तोल्बाचाइट, तेही तो झोपेत ओळखायचा. आणि मागच्या बाजूला, काडेपेटीएवढ्या एका दगडावर, मधाच्या रंगाचे केस उभे होते. गुंतलेले नव्हते. दात घासायच्या ब्रशसारखे सरळ.

लुक्यानला पहिल्यांदा वाटलं ते आनंदाचं नव्हतं. त्याला वाटलं, मेलो.

कारण आता हे लपवता येणार नव्हतं. येत होतं, खरं म्हणजे. कवच मोडलेलं होतं, थंड हवा आत जात होती, पाच-सात मिनिटं नुसतं पडून राहिलं असतं तर ते आपोआप पाणी झालं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. तो एवढा विचार करून चुकला. मग त्यानं हात वर केला.

रिम्मा बरण्या घेऊन धावत आली. तिथं रीत अशी की बरण्या अर्धा तास आधी गरम राखेत पुरून ठेवायच्या, म्हणजे काच तडकत नाही आणि आत ओलीचा कण राहत नाही. रोज सकाळी पुरायच्या, काही मिळो न मिळो. त्यातली एक तिनं चिमट्यानं उचलून कपारीच्या तोंडात धरली. लुक्याननं लांब चिमट्यानं दगड सोडवला. तोंडावर मास्क होते तरी दोघंही श्वास धरून. तेवढ्यात पावलोव्हना काठी टेकत, चाचपडत येऊन मागे उभी राहिली.

"काय आहे?"

कुणी बोलेना. उघड्या बरणीवर बोलायचं नाही हा नियम तिचाच होता.

लुक्यानच्या चिमट्यात दगड होता. बरणीपासून चार बोटं. त्याला वाटलं, आता म्हणेल दाखव. एक क्षण. तिच्या डोळ्याच्या कडेजवळ नेला असता तर दिसलंही असतं. तो थांबला सुद्धा.

"थांबलास कशाला? आत टाक," पावलोव्हना म्हणाली आणि तोंड फिरवून चार पावलं लांब गेली, वाऱ्याच्या पलीकडे.

दगड आत गेला. झाकण. मेण. रिम्मानं मेणावर तीनदा बोट फिरवून बघितलं. मग बरणी जुन्या, जाड लोकरी नमद्याच्या बुटात घातली, बूट गरम राखेच्या खळग्यात. दोन तास हलवायची नाही, हळूहळू निवू द्यायची.

आत उरलेले एक-दोन झुपके त्यांच्या डोळ्यांदेखत हिरवे पडून ओघळले.

*

चिमट्याच्या अजून गरम असलेल्या टोकाला दोन केस चिकटले होते. खोटं नाही, दोनच.

रिम्मानं काचेची छोटी चकती गरम करून पुढे केली. लुक्याननं केस तिच्यावर झटकले. पावलोव्हना आता अगदी जवळ आली होती, जमिनीवर बसली होती, तोंड डोंगराच्या उलट्या बाजूला, म्हणजे त्यांच्याकडेच बघत होती.

"रिम्मा, तू गप्प बस. लुक्या, तू सांग. भिंगातून. श्वास धर आणि मग सांग."

लुक्याननं भिंग डोळ्याला लावलं. त्यानं सांगितलं, टोक चौकोनी आहे. गोल नाही. तोल्बाचाइट असतं तर पातळ, वाकडं असतं, हे सुईसारखं ताठ आहे. चकाकी काचेसारखी नाही, रेशमासारखी.

"आता थांब. चकती निवू दे. बघत राहा."

तो बघत राहिला. रिम्मानं पण भिंग काढलं होतं. तिचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागत होता.

केसाच्या टोकाला आधी काहीच नाही. मग एकदम, पापणी लवावी तेवढ्या वेळात, टोकापासून मुळापर्यंत जांभळा रंग पळत गेला. वांग्यासारखा. लगेच मागून हिरवा. मग केस बसला, आणि चकतीवर दवाएवढा थेंब.

"सांग ना रे."

आत्ता म्हणता आलं असतं, जांभळं नव्हतं. एवढंच. हार्लोवच्या डायरीत जांभळं होतं, हे जांभळं नव्हतं, म्हणजे हे दुसरंच काहीतरी, साधं, चला खाली. रिम्मानं त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं की तिलाही तेच सुचलंय.

"जांभळं झालं," लुक्यान म्हणाला. "टोकाकडून मुळाकडे. मग हिरवं. मग पाणी."

पावलोव्हनानं हातमोजा काढला, परत घातला. परत काढला. मग व्हेन्याचं आहे, असं अगदी साध्या आवाजात म्हणाली, जसं कुणी दारावरची छत्री ओळखावी.

रिम्मा उठली. पाणी आणते म्हणाली आणि ट्रककडे गेली. पाण्याची बाटली तिथंच, तिच्या पायाशी होती.

*

दोन तास काढायचे होते. ऊन आलं होतं, खाली राखेच्या मैदानात मेलेल्या झाडांचे खांब उभे होते. पावलोव्हना बोलायला लागली, आणि लुक्यानला वाटलं आता आनंदानं बोलेल. तिनं आधी पेपरचंच काढलं. रिम्मा एक्स-रे करेल, रचना काढेल, नाव अर्थात हार्लोवाइट. त्या सगळ्या हसणाऱ्यांपैकी दोघं अजून जिवंत आहेत, त्यांना टपालानं पाठवायचं.

मग म्हणाली, "आणि त्यात एक वाक्य माझं जाणार आहे. ते मी छप्पन वेळा मनात लिहिलंय."

"कुठलं?"

"सील शाबूत नव्हतं."

लुक्यानला कळलं नाही.

"मी उघडली होती बरणी," ती म्हणाली.

तिनं ते सलग सांगितलं नाही. मध्ये थांबायची, काठीनं राख उकरायची. लग्नाला सात महिने झाले होते. ती अठ्ठावीसची. त्या दिवशी ती तळावर स्वयंपाकाला होती, वर तो एकटा गेला. खाली आला तो वेडा होऊन. आठ दिवस दुसरं बोलणं नाही, की कसं मधासारखं होतं, कसं उभं होतं. आणि बघू म्हटलं तर नाही. लॅबमध्ये. भांडं आधी, डोळा नंतर. हिनं सुद्धा खनिजशास्त्राचीच पदवी घेतलेली, त्याच्यापेक्षा चांगल्या मार्कांनी, आणि ती बटाटे सोलत बसलेली. मग कोझिरेव्स्कच्या धक्क्यावर तीन दिवस बोटीची वाट बघत बसले. तो दुपारी मासे आणायला गेला.

"चाकूनं मेण काढलं. भिंग लावलं. तुला सांगते, लुक्या, काय होतं ते. मी एवढं सुंदर काही पाहिलं नाही परत. आणि मी श्वास धरायला विसरले. एवढंच झालं. भिंगातून बघताना दगड तोंडाशी येतो, श्वासात ओल असते, ते पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. चहा गार व्हायला लागतो तेवढाच वेळ बघितलं. जांभळं झालं ते मीही पाहिलं. त्यानं डोंगरावर पाहिलं होतं, मी बरणीत. झाकण लावलं, मेण वितळवून परत लावलं, त्याच्यासारखंच, अंगठ्याचा दाब देऊन. तो आला, पोटभर मासे खाल्ले आम्ही."

तिनं काठी राखेत रोवली.

"वाटलं, थोडं खराब झालं असेल. बाकी राहील. नाही राहिलं."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"पहिल्या दिवशी घाबरले. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांना सांगून बसला होता की सील शाबूत होतं. मग मी सांगितलं असतं तर तो मूर्ख ठरला असता, बायकोनं फसवलेला. मग त्यानं ते छापलं. मग लोक हसायला लागले. तेव्हा तर सांगायलाच हवं होतं. रोज वाटायचं, उद्या. बारा वर्षं, लुक्या, उद्या उद्या करत. शेवटी दवाखान्यात त्याला मास्क लावलेला, बोलता येत नव्हतं. कागदावर लिहून मला विचारतोय, मेणात भेग असेल का? मी म्हटलं, नाही, मेण चांगलं होतं."

लुक्यानला तिचा राग आला. खरा राग, अठरा वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या आईनं या बाईच्या नावानं देवापुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, असं प्रेम कुणाचं असतं का म्हणून. आणि त्या मेलेल्या माणसाची, ज्याला त्यानं कधी पाहिलं नाही, एवढी कीव आली की उठून चालतं व्हावंसं वाटलं. उठला नाही. ती म्हातारी त्याच्याकडे तिरपं बघत होती, म्हणजे त्याला पाहता यावं म्हणून तोंड दुसरीकडे करून, आणि तिला त्याच्या चेहऱ्यावरचं नेमकं दिसतंय की नाही ते कळत नव्हतं.

"बोल काहीतरी," ती म्हणाली. "शिव्या दे."

त्यानं दिल्या नाहीत.

"पण आता लिहीन," ती म्हणाली. "आता कागद आहे. नवं खनिज म्हटलं की सगळ्या जगाला वाचावं लागतं. पहिल्याच पानावर. १९७७ चा नमुना पत्नीनं उघडला होता, हार्लोवचं निरीक्षण बरोबर होतं. एवढ्यासाठी तर येत होते. नावासाठी नाही रे. नाव काय, दगडाला काय कळतं."

*

लुक्यान पुढे आयुष्यभर मनानं या जागेवर परत परत यायचा. सांगितलं नसतं तर. रिम्मानं खाली गेल्यावर, लॅबमध्ये, नीट शब्दांत सांगितलं असतं. किंवा आणखी चार महिने एक्स-रे चाललाय म्हणून ढकललं असतं, तोवर हिवाळा आला असता, आणि म्हाताऱ्या माणसांचं हिवाळ्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण ती उद्या उद्या म्हणत होती ते त्यानं आत्ताच ऐकलं होतं. त्याच्या तोंडात तोच उद्या तयार होऊन बसला होता.

"पावलोव्हना," तो म्हणाला. "ते सापडलंय आधीच. दुसऱ्यांना. फेब्रुवारीत छापून आलं."

तिनं काठी खाली ठेवली.

त्यानं सगळं सांगितलं. देश, ज्वालामुखी, जांभळा रंग, नाव. ट्रकखालची सकाळ पण सांगितली, आम्ही ठरवलं होतं लपवायचं. माफी मागितली नाही, कारण कुठल्या गोष्टीची मागायची ते त्याला ठरवता येईना.

तिनं एकच विचारलं, "यंदाच्या फेब्रुवारीत?"

"हो."

"म्हणजे पंचेचाळीस वर्षं ते कुणाचंच नव्हतं."

तिनं काठी परत हातात घेतली.

"त्याला ते घेता आलं असतं. कधीही. मी जर म्हटलं असतं ना की व्हेन्या, बरणी मी उघडली, तर त्याला तेल लागलं नसतं, वायू लागले नसते, काही नाही. साधी गरम बरणी घेऊन परत गेला असता. त्याची पहिलीच पद्धत बरोबर होती." ती थांबली. "तुम्ही आज तीच केलीत."

मग ती रडली. आवाज नाही, तोंड नाही वेडंवाकडं, नुसतं पाणी. लुक्याननं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला जाणवलं की तो अजून रागावलेलाच आहे, आणि हात तरी काढवत नाहीये. दोन्ही एकदम असू शकतं हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

रिम्मा परत आली तेव्हा दोघांकडे बघून तिला कळलंच. ती उभी राहिली. पावलोव्हनानं तिला एवढंच म्हटलं की पेपर वाचून दाखवायचा होता, बयो, मी काही पोर नाही. आणि तांब्याचं प्रमाण किती आलंय त्यांना, ते विचारलं. रिम्मानं सांगितलं. पावलोव्हनानं मान हलवली. व्हेन्याचा अंदाज त्याच्या आसपासच होता.

*

बरणी निवली. आता लेबल.

लेबल म्हणजे पत्त्याच्या पानाच्या निम्म्याएवढं जाड पुठ्ठ्याचं. डोंगरावरच लिहायचं, खाली जाऊन नाही, आणि पेन्सिलीनं, कारण शाई ओलीनं पसरते. पावलोव्हना सांगत गेली, लुक्यान मांडीवर पाटी घेऊन लिहीत गेला.

सगळ्यात वर खनिजाचं नाव. लुक्यानची पेन्सिल तिथं थांबली.

"कारान्साइट," ती म्हणाली. एकेक अक्षर सुटं करून परत सांगितलं, परक्या माणसाचं नाव चुकू नये म्हणून. "पुढे प्रश्नचिन्ह कर, लॅबमध्ये नक्की होईस्तोवर."

मग जागा. तोल्बाचिक, दुसरा शंकू, पश्चिम बाजू. तापमान तीनशे ऐंशी. कुणी शोधलं? तिनं त्याचं नाव घालायला लावलं, लुक्यान, बापाचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. त्याचं नाव लेबलवर पहिल्यांदाच येत होतं. अठरा वर्षं त्याला ते हवं होतं. आज त्यानं ते गिचमिड अक्षरात उरकलं.

"खाली शेरा आहे ना? तिथं लिही."

"काय लिहू?"

तिनं सांगितलं. आधी लांब सांगितलं, पेपरातल्यासारखं. तेवढी जागा नव्हती. शेऱ्याला दोन ओळी असतात, त्यात ओल, वारा, असलं काहीतरी लिहितात. तिनं काही शब्द काढले. परत मोजलं. पुन्हा काढले. रिम्मा म्हणणार होती की संग्रहालयवाले असलं ठेवत नाहीत शेऱ्यात, तिनं तोंड उघडलंही, आणि मग पाकिटातून दुसरं कोरं लेबल काढून लुक्यानपुढे धरलं. पहिल्याला दोऱ्यानं बांधता येतं. दोन असली तरी चालतात.

कोऱ्या लेबलवर बरीच जागा होती. पण पावलोव्हनाचे शब्द आता कमी झाले होते ते कमीच राहिले.

लुक्याननं लिहिलं. मग तिनं वाच म्हटलं, म्हणून त्यानं मोठ्यानं वाचलं.

"व्ही. हार्लोव यांनी हेच खनिज ऑगस्ट १९७७ मध्ये याच शंकूवर शोधलं व योग्य रीतीनं बंद केलं. बरणी वाटेत मी उघडली. अ. पा. हार्लोवा."

ती ऐकत होती, तोंड खाली मैदानाकडे.

"शोधलं ऑगस्टमध्ये, बरोबर," ती म्हणाली. "पण उघडली ती चार सप्टेंबरला. ती तारीख घाल."

त्यानं घातली.